न्यायचं राहिलंच की!

आमचे दाजी दर शनिवारी आपल्या बायकोला न्यायला दिंद्रुडला येतात आणि तिला न घेताच अंबाजोगाईला परत जातात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. अंबाजोगाईत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. अक्का उन्हाळ्यापासून आमच्याकडे, म्हणजे माहेरी आहे. शनिवारी दुकान बंद ठेवून दाजी सकाळच्या गाडीनं निघतात, परळीला गाडी बदलतात आणि जेवणाच्या सुमाराला आमच्या दारात उभे राहतात. एक चप्पल काढलेली, एक पायात तशीच. जेवतात, आईची विचारपूस करतात, घरातलं काहीतरी खोलून ठेवतात, चहा घेतात आणि संध्याकाळच्या गाडीला पळतात. मग परळीच्या स्टँडवरून फोन येतो.

"बाळू, अरे, हिला न्यायचं राहिलंच की!"

"आता हो, दाजी?"

"आता काय. पुढच्या शनिवारी. तिला म्हणावं, तयार ऱ्हा."

गावात हे सगळ्यांना माहीत झालंय. स्टँडसमोरचा हॉटेलवाला दाजींना बघितलं की भज्यांच्या कढईमागून ओरडतो, "काय दाजी, आज तरी सामान सगळं घेतलं का?" दाजी मनापासून खिसे चाचपतात. पाकीट, चष्मा, मोबाइल, दोऱ्याचं रीळ. सगळं तपासून म्हणतात, "घेतलं की." आणि गाडीत चढतात. मागं हशा पिकतो. मीही हसतो. हसून झाल्यावर मला बरं वाटत नाही, पण हसतो.

दाजींचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ते राहू दे, आदी हे बघ." कुठलंही काम निम्म्यावर आलं की हे वाक्य येतं आणि दाजी दुसरीकडे जातात. एकदा एका वकिलाच्या छातीचं माप घेत असताना रस्त्यावर नळाची लाइन खोदायला जेसीबी आला. दाजी म्हणाले, "एक मिन्ट हां, वकीलसाहेब," आणि गेले ते खड्ड्याच्या कडेलाच उभे राहिले. पाइप कुठून कुठं जातो ते त्यांना बघायचं होतं. वकीलसाहेब बराच वेळ हात पसरून उभे. शेवटी त्यांनीच दुकानाचं शटर ओढलं आणि टेप गळ्यात तसाच घेऊन कोर्टात गेले. तो टेप त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिला, तेव्हा दाजींनी त्यांना विचारलं, "तुमच्याकडं कसा काय?"

माझ्या लग्नाचा कोट दाजींनीच शिवला. कापड वर्षभर आधी दिलं होतं. लग्नाच्या दिवशी कोट मिळाला तोही वऱ्हाडाच्या जीपमध्ये, गुंड्या लावता लावता. "डाव्या बाहीला नुसता कच्चा टाका हाय," दाजींनी कानात सांगितलं, "हात लई हलवू नको." माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझा डावा हात अंगाला चिकटलेला आहे. फोटो बघणारे अजून विचारतात, तवा हाताला काय झालं होतं? आणि तरीही शेवटच्या फोटोत बाही नाही. माझ्या मामांनी भरल्या डोळ्यांनी मला मिठी मारली आणि बाही त्यांच्या हातात आली.

पण दाजींनी पुरा केलेला शर्ट एकदा अंगात घातला की दुसऱ्या शिंप्याचा नकोसा होतो. त्यामुळे गिऱ्हाईक शिव्या देतं आणि पुन्हा त्यांच्याकडेच येतं.

आमच्याकडे आले की त्यांना मोरीतला नळ ठिबकताना दिसतो. "ते राहू दे, आदी हे बघ," म्हणत वाढलेलं ताट बाजूला सारून नळ खोलतात. वायसर मागायला शेजारी जातात. शेजाऱ्याची शेळी नेमकी व्यायला झालेली असते. तासाभरानं दाजी परततात ते चिकाचा तांब्या घेऊन, आणि खुशीत. तोवर माझी बायको सुनंदा अंगणवाडीतून येऊन नळाला चिंधी बांधून बसलेली असते.

"दाजी, नळ?"

"कंचा नळ?"

हे असं ऐकायला मजेचं आहे. अक्कानं ते पंचवीसेक वर्षं रोज पाहिलं. आणि मग ते दुधाचं झालं.

अक्का अंघोळीला गेली. जाताना म्हणाली, "दुधाकडं बघा." दाजींनी बघितलं. "बाळू, शप्पथ, मी दुधाकडंच बघायलो होतो," असं ते मला नंतर म्हणाले. बघता बघता त्यांना खिडकीच्या पडद्याची शिवण उसवलेली दिसली. सुई त्यांच्या कॉलरला कायम टोचलेली असते. उसवलेलं टोक त्यांनी गॅसजवळच्या फळीवर ओढून ठेवलं आणि दोरा आणायला रस्ता ओलांडून दुकानात गेले. दुकानात कुणाची तरी अर्धी राहिलेली कॉलर समोर आली. अक्का बाहेर आली तेव्हा पडदा पेटला होता. तिनं बादली ओतून विझवला, मनगटाला भाजलं. दाजी मागून आले, हातात रीळ. म्हणाले, "ह्याच्यात गुलाबी न्हाई सापडला."

अक्का काही बोलली नाही. अक्का बोलत नाही म्हणजे प्रकरण अवघड असतं.

त्याच सुमाराला माझी आई घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. अक्का धावत आली. "चार दिवस ऱ्हाते," म्हणाली. तिची बॅग मी आत नेऊन ठेवली. वरच स्वेटर होता. बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं.

मला समजलं. मी विचारलं नाही. पुढं एकदा तीच बोलली, "मला त्या घरात भ्या वाटतं बाळू. माणूस वाईट असतं तर भांडता आलं असतं."

आता माझंही सांगतो. माझं बी-बियाण्यांचं, खताचं दुकान आहे. हंगामात मान वर करायला सवड नसते. सुनंदा दुपारपर्यंत अंगणवाडीत. आई अक्काच्या हातूनच खाते. सुनंदानं भरवायला घेतलं तर "ठेव तिथं" म्हणते, मी घेतलं तर तोंडच फिरवते. अक्का आली आणि आमचं घर रुळावर आलं. तेव्हा परळीहून दाजींचा तो फोन आला की मी मोठ्यानं हसायचो आणि आतून मला सुटल्यासारखं वाटायचं. अजून एक आठवडा मिळाला.

आमच्याकडं माहेरी आलेली बाई आपली आपण सासरी जात नाही. तिला न्यायला कुणीतरी यावं लागतं. आपण होऊन गेली तर लोक विचारतात, भावाला जड झाली का? म्हणून अक्का थांबली होती. आणि शनिवार आला की ती सकाळीच बाहेर जायची साडी नेसायची. काही बोलायची नाही. आईला धुवायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं त्या चांगल्या साडीतच. गाडी गेली, फोन येऊन गेला की आत जाऊन साडी बदलायची.

"माणूस छत्री इसरतं, पिशवी इसरतं," एकदा घडी घालताना ती म्हणाली. "बायको इसरणारं हेच एक."

सुनंदा म्हणाली, "मग तुमीच म्हणा की वन्सं, चला म्हणून."

"कावून म्हणू? माझी मी आठवण करून देऊ व्हय?"

त्यांची मुलगी पल्लवी पुण्याला असते. तिनं एके दिवशी बापाला फोनवर सांगितलं की तुमचं हे वेंधळेपण नसेल, याला एडीएचडी म्हणतात, लहान मुलांत असतो तसा मोठ्यांतही असतो, त्याला औषध असतं. दाजींना आधी गंमत वाटली. "ह्याला आजार म्हणायचं? मंग आमची निम्मी गल्ली भरती करावी लागंल." पण त्यांच्या डोक्यात ते बसलं. लक्ष न टिकण्याच्या त्या आजाराबद्दल दाजींनी मोबाइलवर आठवडाभर दुसरं काहीही न करता, शिलाईची मशीन बंद ठेवून लक्ष देऊन वाचलं.

मग दवाखाना. अंबाजोगाईतच मोठा सरकारी दवाखाना आहे, मनाच्या आजारांचे डॉक्टर तिथं बसतात. पहिल्या तारखेला दाजी जायचं विसरले. दुसऱ्या खेपेला गेले, पण गर्दी बघून डोळ्यांच्या रांगेत उभे राहिले आणि डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर वाढला होता, एवढा फायदा झाला. तिसऱ्या खेपेला योग्य खोलीत पोचले. डॉक्टर बाईंनी सांगितलं, तुम्हाला बरीच वर्षं जवळून ओळखणारं घरचं माणूस घेऊन या.

"अक्काला न्या की," मी म्हणालो.

"तिला नको."

"अहो, माझ्यापेक्षा तिला जास्त..."

"तू चल की बे!" दाजी कधी चिडत नाहीत. तेव्हा चिडले.

मी गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो. दाजी म्हणाले, "एक मिन्ट हां," आणि गेले. आमचं नाव पुकारलं तेव्हा दाजी नाहीत. मी पळत शोधायला निघालो. खालच्या व्हरांड्यात एका म्हातारीच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो दाजी उकिडवे बसून शिवत होते. "झालंच, शेवटचा टाका." म्हातारी मला म्हणाली, "लई चांगलं हाय बघा तुमचं माणूस. काय आजार हाय त्यांना?" मी म्हणालो, "नाव पुकारलंय, दाजी, चला."

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, फार तर पल्लवीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी दाजींना शाळेबद्दल विचारलं.

"मास्तर मला पाणी आणायला पाठवायचे," दाजी म्हणाले. "म्हणायचे, तू वर्गात नसलास की बाकीची पोरं शिकतेत. पाणी आणण्यात मी पैला होतो, मॅडम. चार वर्षं."

हे मला माहीत नव्हतं. ते हसत हसत बोलत होते. डॉक्टर बाई हसल्या नाहीत.

मग त्या माझ्याकडे वळल्या. दाजींचे किस्से सांगण्यात मी पटाईत आहे. लग्नाकार्यात लोक मला त्यासाठी घेरून बसतात. मी वकिलाचं सांगितलं, कोटाचं सांगितलं, नळाचं सांगितलं. दुधाचं सांगितलं तेव्हा दाजी खाली बघत होते. डॉक्टर बाई मधे मधे प्रश्न विचारत होत्या, असं किती वेळा होतं, लहानपणापासून आहे का, कामावर परिणाम होतो का. आणि मग माझा हुकमी किस्सा मी शेवटाला काढला.

"आणि मॅडम, हे दर शनिवारी बायकोला न्यायला आमच्याकडे येतात आणि तिलाच विसरून जातात."

त्यांचं पेन थांबलं. "दर शनिवारी?"

"दर शनिवारी. परळीला गेल्यावर यांना आठवतं."

"ते धरू नका," दाजी म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघायला लागलो.

"बाकी सगळं धरा, मॅडम. ते जेसीबीचं धरा, दुधाचं धरा. हे तेवढं धरू नका. ते इसरणं न्हाई."

"म्हणजे?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले, कापडाची किनार तपासल्यासारखं.

"पैल्या बारीला खरंच इसरलो. दुसऱ्या बारीला रुमालाला गाठ मारून गेलतो. चल म्हणायला आतल्या खोलीत गेलो, तर सासूबाई झोपलेल्या. हिचा पदर त्यांच्या मुठीत. पाय अवघडलेला, चेहऱ्यावर दिसत होतं, पण ही हलंना, त्यांची झोप मोडंल म्हणून. मी दारातनंच मागं आलो." मग म्हणाले, "आता हिला चल म्हणलं तर आईला सोडून येत न्हाई म्हणायची पाळी हिच्यावर. न्हाई म्हणली तर लोक म्हणणार, नवऱ्याला टाकलं. आली तर ह्याचं घर बसतंय." हे म्हणताना अंगठा माझ्याकडे केला. "मी इसरलो म्हणलं की कुणावरच काय येत न्हाई. माझं तर नाव झालेलंच हाय."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पण दर शनिवारी ते लक्षात ठेवून करायचं म्हणजे..." डॉक्टर बाई म्हणाल्या.

"लई ध्यान ठिवावं लागतं, मॅडम. एका शनिवारी तोंडातनं निघून गेलतं, 'चल.' ही लगेच उठली. मंग म्हणावं लागलं, 'चल, च्या टाक.'"

तो चहा मी प्यायलो होतो. अक्काकडून त्या दिवशी साखर घालायची राहून गेली होती, आणि आम्ही म्हणालो होतो, आता हिलाही लागण झाली.

डॉक्टर बाई जराशानं म्हणाल्या, "ते सोडलं तरी पुरेसं आहे, काका." मग त्यांनी समजावून सांगितलं. हा आजार आळस नाही, मूर्खपणा नाही. गोळीनं बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळ्यांनाच पडतो असं नाही. आधी ब्लडप्रेशर बघू, हृदयाची तपासणी करू, मग थोड्या मात्रेनं सुरू करू. भूक कमी होते कधी कधी, झोपही. म्हणून सकाळी, खाऊन घ्यायची. नाही घ्यायची असं ठरवलंत तरी काही सवयी लावता येतात, गॅसचं, कामाचं. ठरवायचं तुम्ही.

दाजींनी एकच विचारलं. "गोळीनं इसरणं थांबलं तर घरच्यांना कळतं का?"

"घरच्यांनाच आधी कळतं."

"मंग अवघड हाय," दाजी म्हणाले.

तपासण्या ठीक निघाल्या. गोळ्यांची पाकिटं खिशात घालून दाजी माझ्याबरोबर बाहेर टपरीवर आले. चहा सांगितला. त्यांनीच विषय काढला.

"बाळू, गोळी घेऊ का न्हाई?"

मी चहाचा कप उचलला.

"घेतली तर हिला न्यायला पायजे. मंग इसरलो म्हणता यायचं न्हाई. न्हाई घेतली तर तिला तिथं भ्या वाटतंय. खरंच हाय तिचं. मी गॅस लावतच न्हाई आता. दूध पिशवीतनं तसंच पितो. केळी खातो, चिवडा खातो." मग एकदम हसले. "एक मजा सांगू का? ती गेल्यापासनं मी कायबी इसरत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी इसरलो असं सांगणारं कुणी न्हाई ना घरात. आपल्याला काय कळतंय? दिवसभर समदं बराबरच चाललंय असं वाटतं. दुकानात बसतो अंधार पडंस्तोवर. घरी जाऊन करायचं काय?"

मला तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं की घ्या गोळी, न्या अक्काला, आईचं आमचं आम्ही बघू. मी मनात आईची जेवणं मोजत बसलो. सुनंदाची सुट्टी, दुकान, सोयाबीन विकून उधारी फेडायला येणारी माणसं. चहा गार झाला तेव्हा मी म्हणालो, "घ्या, दाजी."

"बघू. आदी हा शनिवार होऊ दे." गाडीत बसवताना त्यांनी माझा हात खिडकीतून धरला. "तुझ्या अक्काला यातलं काय सांगू नको."

घरी आलो तेव्हा अक्का आईचे पाय चेपत होती. ती माझ्यामागं ओट्यावर आली. मी तिला सांगितलं की आजार आहे, त्याला नाव आहे, गोळ्या दिल्यात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मनगटावरचा डाग चोळत होती.

"मग मला इसरतेत, ते पण त्यातच आलं का?"

हो म्हणालो असतो तर संपलं असतं. तिला वाटलं असतं, आजार आहे बिचाऱ्याला. दाजींचा शब्द राहिला असता. आणि ती राहिली असती आमच्याकडे. तिघांचंही भलं. मी तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "ते डॉक्टरांनी धरलं नाही."

अक्काचा चेहरा असा उतरला की मला पुढचं घाईघाईनं बोलावं लागलं. रुमालाची गाठ, मुठीतला पदर, 'चल, च्या टाक', सगळं सांगितलं. मी सांगत असताना ती ओट्याच्या फरशीकडं बघत होती.

"दारात आलते?"

"आलते म्हणाले."

"मला कसं दिसलं न्हाई?"

आतून आईनं हाक मारली. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात माझ्यासमोर उभी राहिली. अंगावर रोजचीच साडी, खांद्याला बॅग.

"आईचं आज तू बघ. मी जाते."

"अगं, शनिवारी येतीलच की ते न्यायला."

"न्यायला येतेत आणि मला ठिवून जातेत. मी माझी जाते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे, भावाला जड झाली," अक्का म्हणाली आणि हसली. "झाले न्हाई ना?"

मी गल्ल्यामागून बाहेर आलो, तोवर ती गेलीसुद्धा. हॉटेलवाल्यानं तिला एकटीला गाडीत चढताना बघितलं. त्यानं काही ओरडल्याचं ऐकू आलं नाही.

दुपारी दुकान बंद करून मी घरी आलो. वरणभात कालवला आणि आईपाशी बसलो. आईनं मान फिरवली.

"अक्का कुठं हाय?"

"गेली."

"कुठं?"

"घरी. तिच्या."

आई छताकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. "जावईबापू आलते व्हय न्यायला?"

"नाही. तीच गेली."

"मीच धरून ठिवलती तिला," आई म्हणाली. मग माझ्याकडं तोंड केलं. पहिला घास मी इतका मोठा दिला की निम्मा हनुवटीवर आला. "हळू की रे बाळ्या," म्हणाली. पण खाल्ला.

संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. अक्का आजच परत येते असं काही म्हणाली नव्हती, तरी गेलो. परळीची गाडी आली, माणसं उतरली, अक्का नव्हती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण घरी येताना मी रात्रीच्या वरणाचा, सकाळच्या अंथरुणाचा विचार करत होतो हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. आवाज एकदम हळू, शेजारी कुणीतरी झोपलेलं असावं तसा.

"बाळू, आईनं खाल्लं का?"

"खाल्लं, दाजी. माझ्या हातानं."

"पोटभर?"

"बऱ्यापैकी."

"हं." मग थोडा वेळ नुसतं खाकरणं. "ही आली काल. मला वाटलं गिऱ्हाईकच हाय. रडली जरा. मग घर झाडलं, भाकरी केली. म्हणाली, आधी खावा, मग गोळी. आता खाऊनच घेतली. अजून तरी काय फरक न्हाई."

"पडेल. डॉक्टर म्हणाल्या ना, वेळ लागतो."

"व्हय." पुन्हा खाकरले. "बाळू, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"तुमची लई अडचण होत नसंल तर... हिला चार दिवस ठिवून घेऊ का?"

मी दुकानात उभा होतो. समोर गिऱ्हाईक बियाण्याची पिशवी उलटीसुलटी करून बघत होतं.

"दाजी, ठेवून घ्या," मी म्हणालो. "राहू द्या तिला."

"खरंच?"

"खरंच."

"थांब, सांगतो तिला. आत्ताच सांगतो, नायतर..." आणि ते गेले. फोन बंद न करताच गेले. कुठंतरी ठेवला असावा, फळीवर नाहीतर खिडकीत. मी तो कानाला लावून उभा राहिलो. आधी नुसत्या चपला वाजल्या. मग भांड्याचा आवाज. मग लांबून दाजी, घाईघाईनं, "अगं, बाळू ऱ्हा म्हणाला, चार दिवस," आणि अक्का, शांतपणे, "ऐकलं. बसा हितं. दुधाकडं मी बघते."